खर्रा खाते काय पोरगा?

मागच्या आठवड्यात माझ्या मेडिकलच्या दुकानात एक मावशी आल्या आणि काउंटरवर मोबाईल असा ठेवला जसा काही मीच गुन्हेगार आहे. "भाऊ, हे वाचा न जरा." वाचलं. तोच जुना मेसेज, दर चार-सहा महिन्यांनी फिरून येतो, टूथपेस्टमध्ये फ्लोराईड असते, फ्लोराईड म्हणजे झुरळं-उंदरं मारायचं औषध, कंपन्या आपल्याला हळूहळू मारून राहिल्या, दहा जणांना पाठवा. खाली हात जोडलेले आणि सात-आठ लाल उद्गारचिन्हं. सोबत तो ट्यूबच्या शेपटाजवळच्या रंगीत चौकोनाचा फोटो, हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे सगळं केमिकल. तो चौकोन ट्यूब कापणाऱ्या मशीनच्या सेन्सरसाठी असतो हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं आता.

मावशीला बिनाफ्लोराईडवाली पेस्ट पाहिजे होती. दिली. मला काय, मार्जिन तेवढंच. पैसे देता देता त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि घोट घेतला, मे महिना, दुपारचे दोन, बाहेर डांबर मऊ झालेलं. गाव विचारलं तर माझ्या गावाच्या शेजारचंच निघालं. म्हटलं, पाणी कुठलं पिता मावशी? तर म्हणे, "बोरिंगचं. लय गोड पाणी हाय आमचं, वरण कसं लोण्यासारखं शिजते."

मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं हे मान्य आहे, पण मागं तीन गिऱ्हाईकं उभी होती आणि एकाला बीपीची गोळी पाहिजे होती. तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथं लिहून टाकतो.

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं, पांढरकवड्यापासून आत. माझा मोठा भाऊ ७२ च्या दुष्काळातला. तो लहान होता तेव्हा गावात एकच विहीर होती, पाटलाच्या वाड्यामागं, पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात तळाला. त्या पाण्यानं हगवण व्हायची, नारू व्हायचा, पायातून दोऱ्यासारखा किडा निघायचा आणि तो काडीला गुंडाळत बसायचे, आजीनं सांगितलेलं. मग दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर मारणं सुरू झालं, हापशा आल्या. आमच्या गावात आली तेव्हा मी जन्मायचा होतो. बाबा सांगायचे की पहिल्या दिवशी लोकांनी हापशीला नारळ फोडला, हळदीकुंकू लावलं. फोडणारच न. खोलातलं स्वच्छ पाणी, गाळ नाही, किडा नाही, आणि वरून गोड. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजता शिजायची नाही, या पाण्यात दोन उकळ्यात.

तर भावाचं बालपण विहिरीवर गेलं आणि माझं हापशीवर. आम्ही दोघंही दात राखुंडीनं घासायचो, चुलीतली राख नाहीतर निंबाची काडी. पेस्ट आमच्या घरात आली तेव्हा मी नववीत होतो. भावाचे दात आजही कापसाच्या बोंडासारखे आहेत. माझे समोरचे चार दात, कसं सांगू, खडूवर चहा सांडून वाळल्यासारखे. मधे तपकिरी पट्टा, आजूबाजूला पांढरे ढग.

शाळेत एक गुरुजी होते, नाव नाही घेत, त्यांनी मला वर्गासमोर उभं करून तोंड उघडायला लावलं होतं आणि सांगितलं होतं की जो दात घासत नाही त्याचं असं होते. मी त्या दिवशी घरी येऊन विटकरीचा भुगा घेतला आणि हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासलं. मग लिंबू-मीठ. मग कोणीतरी कोळसा सांगितला. डाग जागचा हलला नाही, कारण त्याचं मूळ वरचं नव्हतंच, दात हिरडीच्या आत तयार होत होता तेव्हाच दोष आत बसला होता. हे मला कळलं डी. फार्म.ला असताना, एकोणिसाव्या वर्षी, यवतमाळच्या एका लायब्ररीत. पुस्तकातला फोटो पाहिला आणि पहिल्यांदा वाटलं, अरे हे तर माझं तोंड आहे.

त्याच्याही नंतरची गोष्ट. मुलगी पाहायला गेलो तर तिच्या मामानं मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, पण मला ऐकू येईल एवढ्या हळू, "खर्रा खाते काय पोरगा?" खर्रा म्हणजे तंबाखू-चुना-सुपारी घोटलेलं. आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही मी. लग्न दुसरीकडं जमलं, पण त्या अल्बममध्ये एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेलो नाही. फोटोग्राफर स्माईल प्लीज म्हणायचा आणि मी ओठ असे दाबून धरायचो की बायको म्हणते तुम्हाला पोटात दुखत होतं काय.

आता यातली गंमत बघा. टूथपेस्टमध्ये फ्लोराईड आलंच मुळी माझ्यासारख्या तोंडांमुळे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचं गाव, तिथं १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा नवीन डेंटिस्ट आला, तर त्याला गावातल्याच लोकांचे दात तपकिरी दिसले. कोणाला कारण माहीत नाही. तो पठ्ठ्या तीस वर्षं त्याच्या मागं लागला. शेवटी १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या चर्चिल नावाच्या केमिस्टनं पाणी तपासलं आणि फ्लोराईड सापडलं. पण तोवर मॅकेच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती की या डागवाल्या दातांना कीड कमी लागते. तिथून पुढं सगळं सुरू झालं, थोडं फ्लोराईड दिलं तर डाग न पडता कीड थांबेल काय, असा विचार. आपल्याकडं १९३७ मध्ये नेल्लोरकडच्या लोकांवरचा अभ्यास छापून आला, त्यात दातच नाही, हाडंही. माना-पाठी लाकडासारख्या झालेली माणसं. म्हणजे एकाच वस्तूचं भलं आणि बुरं हे दोन्ही जवळपास एकाच वेळेला कळलेलं आहे, कोणी लपवून ठेवलेलं नाही.

फ्लोराईड काम कसं करते ते सोपं आहे. दाताचं वरचं कवच कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू आंबट तयार करतात, त्यात ते कवच थोडं थोडं विरघळते. तिथं फ्लोराईड असलं तर कवच पुन्हा भरताना ते त्यात जाऊन बसते आणि नवीन भर जास्त टणक होते, आंबटाला लवकर दाद देत नाही. हे सगळं दाताच्या वरच्या अंगानं, गिळायची काही गरज नाही, घासायचं आणि थुंकायचं. पण तेच फ्लोराईड पोटातून रक्तात गेलं आणि लेकराचा दात अजून हिरडीत घडत असला तर कवच नीट पिकतच नाही, सच्छिद्र राहते, खडूसारखं. मोठ्या माणसाच्या दाताला आता काही होत नाही, त्याचं ते हाडात जाऊन बसते, वर्षानुवर्षं. पानातल्या चुन्यासारखं समजा. बोटाच्या टोकावर घेतला तर पान रंगते, चमचाभर घेतला तर जीभ सोलून निघते.

विष हा शब्द आमच्याकडं जरा वेगळा ऐकू येतो, हेही सांगितलं पाहिजे. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेनं माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हापासून इथला साधा शेतमजूरही डब्यावरचा, विष किती जहाल ते सांगणारा त्रिकोण पाहते, लाल की पिवळा की निळा. म्हणून कोणी ट्यूब घेऊन आला आणि म्हणाला यात विष आहे काय, तर मी हसत नाही. डब्यावरचं वाचायची सवय चांगलीच आहे. फक्त आकडाही वाचायचा.

ट्यूबवर आकडा असतो. आपल्या कायद्यात पेस्टमधलं फ्लोराईड १००० पीपीएमच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापायचं, असा नियम आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये शंभर मिलिग्रॅम. कुठं सोडियम फ्लोराईड लिहिलेलं दिसेल, कुठं सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट, हे दुसरं खडूवाल्या पांढऱ्या पेस्टमध्ये घालतात कारण खडूतलं कॅल्शियम साध्या फ्लोराईडला धरून ठेवते आणि मग ते दाताच्या कामाचं राहत नाही.

हा हिशेब मी एकदा खराखुरा केलेला आहे, आणि हात कापत होते.

भावाला नात आहे, परी. मला मेडिकलवाले आबा म्हणते. ती तीन वर्षांची होती तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस, कापूस वेचणी जोरात, सून वावरात, घरी फक्त आमची माय. मायला दिसते कमी. दुपारी भावाचा फोन आला, पोट्टीनं पेस्ट खाल्ली आणि ओकून राहिली. मोठ्यांचीच पेस्ट, लाल जेल, गोड. त्याला म्हटलं ट्यूब हातात घे आणि वाच. त्याला चष्मा सापडेना. शेवटी शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं, १०००. ट्यूब ऐंशी ग्रॅमची, चौथा हिस्सा गेलेला, म्हणजे सगळंच तिनं खाल्लं धरलं तरी वीस ग्रॅम, वीस मिलिग्रॅम. लेकराचं वजन बारा किलो. किलोमागं पाच मिलिग्रॅम म्हणजे जिथून जिवाला धोका धरतात ती रेघ, साठ मिलिग्रॅम. साठपेक्षा वीस कमी आहे हे मला येत होतं, पण फोनवर तिचा रडण्याचा आवाज येत होता आणि मी तीनदा तोच गुणाकार केला. त्यांना सांगितलं, दूध पाज, आणि पाजता पाजताच गाडी काढ. दुधातलं कॅल्शियम पोटातल्या फ्लोराईडला पकडते, नाहीतर ते पोटातल्या आंबटात मिसळून आतून झोंबते, म्हणून ओकारी. डॉक्टरांनी चार-पाच तास ठेवून घेतलं. संध्याकाळी ती बिस्किट मागत होती.

रात्री मी गावी गेलो. सुनेनं घरातली पेस्ट उकिरड्यावर फेकलेली होती, पाया पडून म्हणाली काकाजी आता घरात ही वस्तू आणणार नाही. बरोबर आहे, आईचं काळीज. मी काही वाद घातला नाही. मग तिनं परीला पाणी दिलं, स्टीलच्या पेल्यात, गुंडातून काढून. आणि मी त्या पेल्याकडं पाहत राहिलो.

कारण ती हापशी आमची लाल आहे. पाणी तपासणारे आले होते, फ्लोराईड जास्त निघालं, दांड्याला लाल रंग मारून गेले, खाली लिहून गेले पिण्यास अयोग्य. तेव्हा महिनाभर लोक घाबरले. मग रंग उडत गेला. लाल गंजासारखाच दिसते शेवटी.

आता पेस्टच्या शेजारी पाण्याचा हिशेब मांडा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागं एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा काही उपायच नसला तर दीडपर्यंत, असं आपलं मानक म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा दीडच आहे, पण तेही सांगतात की माणसं पाणी किती पितात ते पाहून ठरवा. मग पाहू. समजा एखाद्या बोअरला तीन आहे. मे महिन्यात नांगरटीला गेलेला माणूस पंचेचाळीस डिग्रीत सहा लिटर पाणी सहज पिते. अठरा मिलिग्रॅम. रोज. थुंकायचं नाही, सगळं पोटात. त्यावर चार वेळा कडक चहा, चहाच्या पत्तीत जात्याच फ्लोराईड असते आणि तो उकळतोही त्याच पाण्यात. आणि हा माणूस सकाळी ब्रशवर एक ग्रॅम पेस्ट घेऊन त्यातलं एक मिलिग्रॅम तोंडात फिरवते आणि बहुतेक थुंकून टाकते. तर मेसेज कशाचा फिरायला पाहिजे?

पण पाण्याचा मेसेज फिरत नाही. ट्यूब फेकता येते, हापशी कुठं फेकता.

लेकरांच्या बाबतीत मात्र मी पेस्टच्या बाजूनं बोलणार नाही. तीन वर्षांचं लेकरू थुंकत नाही, गिळते. गोड लागते म्हणून चाटते. जाहिरातीत ब्रशभर लांब लाट काढून दाखवतात, टोकाला शेंडी वळवून, ती पाहून आया तेवढीच काढतात. पाहिजे किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी, तीनच्या पुढं वाटाण्याएवढी. अमेरिकेत १९९७ पासून फ्लोराईडच्या पेस्टवर सहा वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवा असं छापावं लागते. आणि ज्या गावाच्या पाण्यातच ते आहे तिथं तर लहान लेकराला वरून आणखी कशाला द्यायचं, फ्लोरोसिसवर, म्हणजे फ्लोराईडनं दात-हाडं बिघडायच्या या दुखण्यावर, आयुष्य घातलेल्या दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला अशा गावांना फ्लोराईडच्या पेस्टपासून लांबच राहायला सांगत आल्या. म्हणजे त्या मेसेजवाल्या मावशीनं पेस्ट बदलली ते तिच्या गावापुरतं चूक नव्हतंच. कारण चुकीचं होतं आणि उपाय अर्धा होता, एवढंच. नागपूर-पुण्यात राहणाऱ्यानं तोच मेसेज वाचून पेस्ट फेकली तर त्याला फक्त डेंटिस्टचं बिल येईल.

पाणी उकळून घेता का, असं लोक विचारतात. उकळून जंतू मरतात, फ्लोराईड मरत नाही, उलट पाणी आटलं की घट्ट होते. तुरटी फिरवून जात नाही. कॅन्डलच्या फिल्टरमधून सरळ खाली येते. आपल्या नागपूरच्या नीरीनं, म्हणजे पर्यावरणाच्या सरकारी संशोधन संस्थेनं, एक पद्धत काढलेली आहे, नाव पडलं नळगोंडा, कारण हैदराबादच्या पुढच्या त्या जिल्ह्यात हेच दुखणं. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर मोजून टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. तुरटीचं प्रमाण पाणी तपासून ठरवावं लागते. कागदावर स्वस्त, घरी रोज कोण करते, सकाळी सहाला वेचणीला निघालेली बाई तुरटी तोलत बसेल काय.

आमच्या गावात मग आरओचं मशीन बसलं. पाच रुपयाचं नाणं टाकलं की कॅन भरते. छान चाललं दीड वर्ष. मग मोटर गेली, मग मेंब्रेन गेलं, मग ज्याच्याकडं चावी होती तो मुलीकडं हिंगणघाटला राहायला गेला. सध्या त्या खोलीत सोयाबीनचं बियाणं ठेवतात. कोणाला दोष देऊ, मीही त्या कमिटीत होतो.

मी माझ्यापुरतं एक केलं. पाटलाच्या वाड्यामागची ती जुनी विहीर, जी आमच्या भावाच्या दातांची मालकीण म्हणायला हरकत नाही, तिचं पाणी तपासून आणलं. आमच्या भागात उथळ विहिरीत फ्लोराईड कमी आणि खोल बोअरमध्ये जास्त, असं बहुतेक ठिकाणी निघते, पाणी खोलात खडकाशी जितकं जास्त दिवस राहते तितकं ते उतरते. विहिरीचा आकडा एकच्या खाली आला. मग पाटलाच्या पोराच्या हातापाया पडून गाळ काढून घेतला, जाळी टाकली, आता क्लोरीनचे थेंब टाकून भावाच्या घरचं पिण्याचं पाणी तिथून येते. फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं, धुणीभांडी हापशीवर. माय कुरकुर करते, हे पाणी जड हाय, वरण शिजत नाई. तिला म्हटलं कुकर घे. तर म्हणे, "तुले दातच दिसतात बाप्पा, मले वरण." पावसाळ्यात तरोट्याची भाजी मात्र न सांगता करते, पालेभाजीतलं कॅल्शियम अशा पाण्यावर चांगलं म्हणतात, हे तिला मी सांगितलेलं नाही, तिला आवडते म्हणून करते.

पण हे सगळं परी तीन वर्षांची झाल्यावर. समोरच्या पक्क्या दातांत दोष बसायचा तो बहुतेक त्याच्या आधीच बसतो, पहिल्या दोन-तीन वर्षांत. तेव्हा ती कोणाचं पाणी पीत होती ते मला माहीत आहे.

आता ती साडेसहाची. रविवारी गेलो तर धावत आली, खालचे दोन पडलेले होते, ते येऊनही राहिले. भाऊ म्हणाला, पाय न तू, तुले समजते. अंगणात उजेड नव्हता, मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिला आ कर म्हटलं. हिरडीतून दोन दात अर्धे वर आलेले, वरची धार करवतीसारखी, नवीन दाताला असते तशी. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता, त्याच्या पांढऱ्या दातांतून श्वास येत होता माझ्या कानाशी.

"कसे हायेत?"

पांढरे होते. पण ओला दात पांढराच दिसतो, ढग असले तर वाळल्यावर उमटतात. मी खिशातून रुमाल काढला, तिला म्हटलं थांब जरा, तोंड मिटू नको, आणि दात कोरडा करायला लागलो तशी ती खदखदून हसली आणि माझं बोट चावली.